तुम्ही विचारलंत म्हणून : या अल्बममधला बँड कुठे आहे?

माझा फंक-पॉप अल्बम आल्यापासून एकच प्रश्न रूपं बदलून येतो. ड्रम कोणी वाजवलेत? बेस गिटारवर कोण आहे? सगळं मीच वाजवलंय असं सांगितलं की समोरचा क्षणभर थांबतो आणि विचारतो, "मग ते एकत्र बसून वाजवल्यासारखं कसं वाटतं?" यावर मी आजवर "जमलं बुवा" एवढंच म्हणत आले. ते खरं नाही. पहिले आठ महिने अजिबात जमलं नव्हतं.

पहिलं गाणं मी फार शहाण्यासारखं केलं. क्लिक, म्हणजे कानात टिकटिकणारा ठोका, लावला, मिनिटाला 104 ठोक्यांचा वेग धरला, कॉम्प्युटरवर ड्रम बसवले, मग बेस, मग गिटार, मग कीबोर्ड. जिथे हात मागेपुढे झाला तिथे माउसने ओढून रेघेवर आणला. पूर्ण झाल्यावर डोळे मिटून ऐकलं. एकही चूक सापडली नाही आणि मानही हलली नाही. फंक म्हणजे तालावर उभं असलेलं अमेरिकी नाचाचं संगीत, ते ऐकताना मान हलत नसेल तर बाकीचं सगळं फुकट. आठवडाभर मी दोष प्लगइनना दिला, मग गिटारला, मग आपल्या नशिबाला.

दोष वेगळाच होता. चार वाजवणारे एका खोलीत असतात तेव्हा प्रत्येकाचा एक कान दुसऱ्याकडे असतो. माझ्या गाण्यातले चौघेही फक्त क्लिकचं ऐकत होते. शेजारी कोण बसलंय याची त्यांना दखलच नव्हती.

फंकचा हिशोब मराठी कानाला तसा परका नाही. 1960 च्या दशकात अमेरिकी गायक जेम्स ब्राउनने आपल्या बँडला पहिल्या मात्रेवर वजन टाकायला लावलं. त्या मात्रेला ही मंडळी नुसतं 'द वन' म्हणतात. आपल्याकडे सम आहेच. (तबलेवाले रागावतील, समेचं प्रकरण एवढं सोपं नाही. पण कामापुरतं चालवून घ्या.) चार ठोक्यांचे चार-चार भाग केले की सोळा घरं होतात. पहिल्या घरात सगळ्यांनी हजर राहायचं, उरलेल्या पंधरांत ज्याने त्याने आपापलं काय ते करायचं. 104 च्या वेगाला एकेक घर साधारण 144 मिलिसेकंदांचं असतं. या घराच्या उंबऱ्यावर उभं राहायचं की पाऊलभर आत सरकायचं, सगळी गंमत त्यात आहे. स्नेअर (ड्रममधला कडक आवाजाचा छोटा ड्रम) दहा-पंधरा मिलिसेकंद मागे पडला की गाणं खुर्चीत रेलून बसतं. गिटार तेवढीच पुढे सरकली की तेच गाणं उठून उभं राहतं. आणि हे आकडे आधी ठरवून मिळत नाहीत. कोणीतरी मागे ओढतं, म्हणून दुसरा पुढे झुकतो. एकटीने हे ओढणं आणि झुकणं कुठून आणायचं?

वाट सापडली ती बेसवादक लॅरी ग्रॅहमच्या गोष्टीत. 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन' या फंक बँडमध्ये जाण्याआधी हा माणूस आपल्या आईच्या साथीला वाजवायचा. ड्रमर नव्हता. मग किकची, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची, जागा भरायला तो बेसच्या तारेवर अंगठा आपटू लागला आणि स्नेअरसाठी तार ओढून सोडू लागला. आज ज्याला स्लॅप म्हणतात ते वाजवणं असं जन्मलं, हजर नसलेल्या माणसाचं काम अंगावर घेताना. ही गोष्ट मला आधीही माहीत होती, पण ती माझ्यासाठी आहे हे तेव्हा कळलं नव्हतं.

मी क्लिक बंद केला. ड्रम पुसून टाकले. आधी नुसता बेस रेकॉर्ड केला, पायाने जमिनीवर ताल धरून, आणि गाण्याचे शब्द तोंडातल्या तोंडात म्हणत. वेग अर्थातच डळमळला. कडव्यात 102, ध्रुवपदात 105 च्या आसपास. म्हटलं, असू दे, ध्रुवपद आलं की माणूस हुरळतोच. मग त्या बेसच्या साथीला, ड्रमचे आवाज देणाऱ्या पॅडवर बोटांनी ड्रम वाजवले, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता. पुढे गिटार, मग कीबोर्ड. आणि सगळं झाल्यावर तो पहिला बेस फेकून दिला आणि पुन्हा वाजवला.

माझ्याकडे काही गुपित असेल तर ते एवढंच. जो पहिल्यांदा वाजवतो त्याला ऐकायला कोणीच नसतं. तो अंधारात बोलतो. बाकीचे त्याचं ऐकून वाजवतात, पण त्याने कोणाचंच ऐकलेलं नसतं, आणि ते गाण्यात कळतं. म्हणून सगळे जमल्यावर त्याला परत बोलवायचं. दुसऱ्या खेपेला बेस वाजवताना हात आपोआप कमी चालला. गिटार जिथे खुडखुडत होती तिथे मी गप्प बसले, कारण तिथे बोलायला माणूस होतं. कधीकधी नव्या बेसमुळे ड्रम उपरे वाटायला लागले, मग तेही पुन्हा. नऊ गाण्यांपैकी पाचांत अशी फेरी दोनदा झाली. एका गाण्यात चारदा झाली आणि ते गाणं बिघडलं. ते कुठलं हे सांगणार नाही, तुम्हाला कळलं असेलच.

क्लिक नसण्याचा एक फायदा उशिरा लक्षात आला. तालाच्या दोन फेऱ्या एका मापाच्या नसतात, त्यामुळे चांगली जमलेली फेरी उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही. माझ्यासारख्या आळशी व्यक्तीला हे बंधन हवंच होतं. 1972 च्या 'सुपरस्टिशन' या गाण्यात ड्रम, क्लॅव्हिनेट (विजेवर चालणारा एक कीबोर्ड) आणि सिंथेसायझरचा बेस, हे सगळं ते गाणाऱ्या स्टीवी वंडरने एकट्याने वाजवलंय. सवड मिळाली की नुसता हाय-हॅट (ड्रममधली झांजांची जोडी) धरून ते ऐका. तो सारखा काहीतरी बदलत राहतो. अजून न वाजलेल्या वाद्यांशी तो आधीच गप्पा मारतोय, असं मला दर वेळी वाटतं.

आता कबुली. मी सगळी वाद्यं चांगली वाजवत नाही. बेस बरा येतो, गिटार कामापुरती, कीबोर्ड दोन बोटांपेक्षा जरा जास्त, ड्रम तर पॅडवरचेच. अमेरिकी गायक प्रिन्सच्या 1978 च्या पहिल्या अल्बमवर त्याच्या नावापुढे 27 वाद्यं आहेत. माझं म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. पण चिंध्यांचंही कामी येतं काहीतरी. मला चांगली गिटार येत नाही म्हणून माझी गिटारवाली दोन तारांवरच राहते, आणि फंकमध्ये तेच हवं असतं. पुढेपुढे मी या मंडळींना स्वभावच वाटून दिले. ड्रमवाला सुस्त, त्याला कसलीही घाई नाही. गिटारवाली उतावळी. कीबोर्डवाला लाजरा, दर चौथ्या फेरीला एकदाच तोंड उघडणार. वेडेपणा वाटेल, पण वाजवायला बसण्याआधी मी आज कोण आहे हे मनाशी ठरवायचे, आणि एका दिवसात दोन माणसं व्हायचं नाही हा नियम पाळायचे. सकाळची मी आणि संध्याकाळची मी एकमेकींना फार ओळखतात. मध्ये एक रात्र गेली की जरा परकेपणा येतो आणि मग ऐकावंसं वाटतं.

टाळ्यांनी मात्र छळलं. एका गाण्यात आठ जणांच्या टाळ्या हव्या होत्या. माइकसमोर उभी राहून आठदा टाळ्या वाजवल्या, आठही एकावर एक ठेवल्या, तर निघाली एका लठ्ठ माणसाची टाळी. तेच हात, तीच जागा. मग दर वेळी जागा बदलली. एकदा माइकजवळ, एकदा दाराशी, एकदा पाठ करून, एकदा खुर्चीवर चढून. आवाजाला एक मीटर यायला जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात, शिवाय प्रत्येक कोपरा आपला रंग देतो. तेव्हा कुठे माणसं जमली. मागच्या गाण्याचे आवाजही असेच केले. एक हसत गायलेला, एक हनुवटी छातीला टेकवून, एक नुसता श्वासाने.

शब्दांबद्दल फार कोणी विचारत नाही, पण सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला. आपल्या गाण्यांत अकारान्त शब्दाचा शेवट लांबवायची सवय आहे. बोलताना आपण 'रात्' म्हणतो, गाताना 'राऽतऽऽ' होतं. चालीला ते शोभतंही. फंकमध्ये तो लांबलेला 'अ' चिखलासारखा पायाला चिकटतो. मी बोलतो तसं गायचं ठरवलं आणि अचानक दिसलं की मराठीत बंद होणारी अक्षरं किती आहेत! थांब, बघ, चल, नीट, उठ. शेवटचं व्यंजन आपटून सोडलं की ते स्नेअरवरच्या हलक्या टिचकीसारखं वाजतं. अडचण करतात ती आपली क्रियापदं. 'आहे', 'होते', 'येते' ही वाक्याच्या शेवटी पाय पसरून बसतात. मी जमतील तेवढी 'आहे' काढून टाकली. आज्ञा ठेवल्या, हाका ठेवल्या. एका ध्रुवपदात तर "थांब. बघ. परत ये" एवढंच आहे. त्यातला एकटा 'ये' उघडा, म्हणून त्याच्यापाशीच सूर वर जाऊ दिला. कडवं एकाच कॉर्डवर घोटाळत राहतं ते फंकसाठी आणि त्या 'ये'पाशी कॉर्ड बदलते ती पॉपसाठी, असा सरळ सौदा केला. 

मग मिक्स, म्हणजे कोणतं वाद्य किती मोठं ठेवायचं ते. इथे मी तोंडावर आपटले. सगळी गाणी तयार झाली, ध्वनी माझ्या खोलीत सुरेख. दुसरीकडे कुठेही लावली की बेसचा मधलाच एक दात पडल्यासारखा वाटायचा. ओळ चालत यायची, एका सुरावर खड्डा, पुढे पुन्हा रस्ता. दर वेळी तोच सूर, खालचा जी, बेसच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला.

दोन-तीन आठवडे मी त्या बिचाऱ्या बेसची तार बदलत बसले. शेवटी टेप घेऊन खोली मोजली. लांबी साडेतीन मीटर. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. साडेतीन मीटरवरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लाटेचा अर्धा भाग नेमका मावतो, ती 49 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 49 कंपनांची. आणि तो खालचा जी किती? 49 हर्ट्झ. म्हणजे माझी खोलीच तो सूर माझ्याबरोबर गात होती, तोही भिंतीपाशी सगळ्यात मोठ्याने, आणि माझी खुर्ची भिंतीला टेकलेली. तो सूर मला फार मोठा ऐकू यायचा, म्हणून मी प्रत्येक गाण्यात त्याला दाबत गेले होते. नसलेल्या बँडच्या मागे मी दोन वर्षं धावले, आणि एक न बोलावलेला वाजवणारा पहिल्या दिवसापासून खोलीत बसला होता.

भिंतीवर लावलेले स्पंजचे पातळ चौकोन यावर काही करत नाहीत. त्या लाटेची लांबी सात मीटर, ती बोटभर स्पंजला काय भीक घालणार? मी खुर्ची पुढे ओढली, कोपऱ्यांत जाड रजयांचे गठ्ठे रचले (त्यांनी वरचे सूर जरा शांत झाले, खालच्याचं फारसं बिघडलं नाही) आणि बेसचा निर्णय हेडफोनवर घ्यायला लागले. नऊच्या नऊ गाणी पुन्हा मिक्स केली. यावर आणखी बोलवत नाही.

आणि एकटेपणा? त्रास वाजवण्यात नाही झाला. त्रास थांबण्यात झाला. बँडमध्ये कोणीतरी म्हणतं, "झालं, चल, चांगला होता." माझ्याकडे तो माणूस नव्हता. एका आठ सेकंदांच्या गिटारीचे मी 41 टेक घेतले आणि शेवटी तिसरा ठेवला. त्यानंतर नियम केला, दिवसाला पाच टेक. सहाव्यासाठी उद्या. ऐकायचं तेही उद्याच. बऱ्याच वेळा उद्या उजाडल्यावर दुसराच टेक चांगला निघायचा, आणि पाचवा इतका सफाईदार की कंटाळा यावा.

सातव्या गाण्यात तिसऱ्या कडव्याला बेस समेवर येत नाही. माझं बोट घसरलं होतं, सूर अर्धं घर उशिरा लागला. तो टेक मी टाकणारच होते, पण त्या दिवशीचे पाच संपले होते. दुसऱ्या दिवशी त्यावर ड्रम पुन्हा वाजवायला घेतले, आणि त्या जागी आल्यावर माझ्या हाताने आपोआप किक रोखून धरली, बेसची वाट बघितली, मग दोघं मिळून पडले.

आता ही गाणी मंचावर वाजवायची आहेत, म्हणून खरी माणसं शोधतेय. गेल्या आठवड्यात एक ड्रमर येऊन गेला. गाणी घरून ऐकून आला होता. सातव्याच्या त्या जागेवर त्याने रेकॉर्डिंग थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं आणि विचारलं, "हे मुद्दाम केलंत का चुकलंय?"

मी म्हटलं, "चुकलंय."

"कोण चुकलं? बेसवाला?"

"हो. ड्रमवाल्याने सावरून घेतलं."

त्याने मान डोलावली, काठ्या उचलल्या, आणि म्हणाला, "मग तुम्ही तिथे चुका. मी थांबतो."