फुली नसलेलं घंगाळ

नारायण पेठेतला तो वाडा पाडायला पंधरा-वीस दिवस उरले होते. सामान बहुतेक हललं होतं. ओसरीवर जुन्या भांड्यांचा ढीग होता, मोडीत द्यायचा. त्याच्या शेजारी एक पत्र्याची ट्रंक. वाड्यातल्या आजींच्या नातवाने फोनवर सांगितलं होतं, "मोडी कागद आहेत. सनद असणार."

मोडी म्हटलं की लोकांना सनद दिसते. घरगुती कागदपत्रांचं डिजिटायझेशन करताना मी अशा कितीतरी ट्रंका उघडल्या. खरी सनद एकदाच हाती लागली, तीही नक्कल निघाली. बाकी हिशेब, कर्जखतं, सोयरिकीची बोलणी, कुणाच्या तरी तापाची खबर. मला तेच जास्त आवडतं, पण हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगायचं नसतं.

ट्रंकेच्या आत, तळापासून चार बोटं उंचीवर, मातीची एक सरळ रेघ होती. मी बोट लावणार तोच आजी म्हणाल्या, "पानशेत."

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्यावर आलं, तेही फुटलं, आणि मुठेने नदीकाठच्या पेठा धुऊन नेल्या. आजी तेव्हा या घरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पाणी ओसरल्यावर सासूबाईंनी सगळ्यात आधी काय केलं, तर परातीत स्वच्छ पाणी घेतलं, चिखलातले फोटो एकेक करून त्यात खळबळले आणि कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी लटकवले. "घरात दाणा नाही आणि ह्या फोटो वाळत घालतायत! शेजारणी हसल्या हो."

हसण्यासारखं काही नव्हतं. जुन्या कृष्णधवल फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. भिजला की तो फुगतो, चिकट होतो. तशा अवस्थेत फोटो एकमेकांवर वाळले तर त्यांची वीट होते. ओले असतानाच वेगळे करून वाळवायचे, हे आज आम्हाला शिकवतात. त्या बाईंना ते न शिकवता कळलं. दोरीवरचे तेवीस फोटो सुरकुतलेले असले तरी शाबूत होते. "नंतर बघू" म्हणून ट्रंकेत राहिलेल्या गठ्ठ्याची मात्र खरंच वीट झाली होती. नातवाने त्यातला वरचा एक कोमट पाण्यात सोडवायचा प्रयत्न केला होता. चेहरा सुटून बेसिनमध्ये गेला. हे सांगताना तो इतका ओशाळला की मी काही बोलले नाही. वीट आहे तशी सहा बाजूंनी टिपली आणि संवर्धकाकडे द्यायला वेगळ्या खोक्यात ठेवली. हे माझं काम नव्हे, आणि माझं काम कुठे संपतं ते ठाऊक असणं हाही कामाचाच भाग.

मग कॅमेऱ्याचा स्टँड लावला. दोन बाजूंना दिवे, फोटोशेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी. प्रत्येक फोटो दोनदा: पुढून आणि मागून. मागची बाजू कोरी असली तरी. नातवाला हे पटेना. "सहाशे डीपीआयला ए-फोर कागदाची एक टिफ फाइल शंभर एमबीच्या आसपास जाते ना? कोऱ्या कागदासाठी?" मी म्हटलं, कोरा आहे हे तरी कुठेतरी नोंदलेलं हवं. नाहीतर पुढचा माणूस म्हणेल, मागे काहीतरी लिहिलं होतं, यांनी टिपलंच नाही.

दुपारी त्याने उत्साहाने स्वतःचा फोन पुढे केला. दोरीवरच्या फोटोंपैकी एक त्याने ॲपमधून "क्लीन" करून रंगवला होता. त्याच्या खापरपणजीचा. नऊवारी, नथ, हातात पुस्तक. बहुधा स्टुडिओवाल्यानेच दिलेलं. चिखलाचे डाग गेले होते, सुरकुत्या गेल्या होत्या, साडी हिरवी झाली होती. खरोखर सुरेख दिसत होतं.

आजींनी चष्मा लावला, फोन जवळ नेला, लांब नेला.

"कुंकू कुठंय?"

मी मूळ फोटो उचलला. कपाळावर आडवी, काळी, ठसठशीत चिरी. जुन्या कॅमेऱ्यांतल्या काचेच्या प्लेटा आणि फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या असत, म्हणून त्या काळच्या फोटोंत कुंकू काळंच दिसतं. ॲपने भुवयांच्या मधे एक काळी रेघ पाहिली, ओरखडा समजून कपाळ गुळगुळीत करून टाकलं.

"सवाष्ण बाईचं कुंकू पुसलं मेल्यानं!" आजी म्हणाल्या. हे फोनला होतं की नातवाला, कळलं नाही. "अहेव गेल्या त्या. केवढा अभिमान होता घराला त्याचा."

नातू खाली बघत राहिला. त्याची बाजू घ्यायची तर, दोष त्याचा नव्हताच. त्या ॲपला आडवं कुंकू कुणी दाखवलेलंच नसावं. तो फोटो डिलीट करायला निघाला तर मी थांबवलं. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवू, "रंगवलेली प्रत, कुंकू पुसलं गेलं आहे" अशी नोंद करून. मूळ टिफला कुणी हात लावायचा नाही एवढंच. दर फाइलचा आम्ही चेकसम, म्हणजे तिच्यावरून निघणारा एक आकडा, काढून ठेवतो. एक कण बदलला तरी आकडा बदलतो, चोरी पकडली जाते.

सनद शेवटी उघडली. खाकी रुमालात बांधलेले अकरा कागद, त्यातला सगळ्यात मोठा तो. नातवाने त्याचाही फोनवर स्कॅन करून ठेवला होता, पांढराशुभ्र, कडा कापलेला. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. त्यामुळे पहिल्या दोन ओळींना वेळ लागतो. शके १८०७, पार्थिव संवत्सर, वैशाख. म्हणजे इसवी सन १८८५. आणि पहिला शब्द, याद.

यादच होती. लग्नकार्यासाठी शेजारपाजारहून उसन्या आणलेल्या भांड्यांची. अमक्याकडून दोन तपेली, तमक्याकडून परात, समया, ओगराळं, जाजम.

"म्हणजे जमीन नाही?" नातू.

"नाही."

"इनाम वगैरे?"

"चार ओगराळी आहेत."

आजी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

मूळ कागदाच्या डाव्या समासात बारीक फुल्या होत्या, निराळ्या शाईने. भांडं परत केलं की फुली. नातवाच्या स्कॅनमध्ये त्या नव्हत्याच. ॲपने समास कापला होता. त्याच्या प्रतीत ती नुसती यादी होती. कागदावर मात्र लग्न पार पडल्यावर कुणीतरी दारोदार जाऊन सगळं पोचतं केलेलं दिसत होतं. एकोणीस ओळी, अठरा फुल्या.

"कशाची राहिली?" आजींनी विचारलं.

मी ओळ पुन्हा लावली. तांब्याचं घंगाळ, एक. पुढे घरधन्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

आजी काही न बोलता उठल्या आणि ओसरीवर गेल्या. मोडीच्या ढिगात, वजनाची चिठ्ठी लावलेलं एक घंगाळ होतं. जाड काठाचं, दोघांनी उचलावं असं. त्यांनी ते मला आडवं करायला लावलं. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी तीन अक्षरं कोरली होती. पहिली दोन यादीतल्या नावांशी जुळत होती. तिसरं अक्षर चिंच लावून घासून घासून गेलं होतं. ते या घराच्या नावाचं मात्र नव्हतं, एवढं नक्की.

मी टॉर्च तिरपा धरून फोटो काढले. दोन अक्षरांवरून मी काही शपथ घेणार नाही. असल्या आद्याक्षरांची माणसं पेठेत ढिगाने असतील, घंगाळ मधल्या काळात विकतही घेतलेलं असेल. नोंदीत लिहिलं: "यादीतील घंगाळाशी संबंध संभाव्य. पुरावा अपुरा."

"संभाव्य म्हणजे काय गं?" आजींनी विचारलं.

"म्हणजे बहुतेक तुमचं नाही."

त्यांनी काठावरून हात फिरवला. मग नातवाला हाक मारली. "अरे, ती चिठ्ठी काढ त्याच्यावरची. दुसऱ्याचं भांडं मोडीत कसं घालायचं?"