आईची कूस
आईची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली, त्याला आठ महिने झाले. एअर बेड आणला तरी दर 2 तासांनी कूस बदलावीच लागते, हे माकडहाडावर लाल चट्टा उठला तेव्हा कळलं. दाबला तरी पांढरा पडेना. म्हणजे जखमेची सुरुवातच. रुग्णसेवेसाठी बायका पुरवणाऱ्या ब्यूरोतून आलेल्या पहिल्या बाईंना हे कुणी शिकवलंच नव्हतं, त्यांना काय दोष द्यायचा? आताच्या मावशी आधी सांगतात, “आजी, वळवते हं,” मगच हात लावतात. पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. भरवताना ताठ बसवतात, घास डाव्या गालात देतात, गिळेपर्यंत थांबतात. काल मावशी निघताना आईने डाव्या हाताने त्यांचा पदर घट्ट धरला होता.