जरा बारीक कर

लाइटच्या माळा दोनच प्रकारच्या असतात. मागच्या वर्षी छान चालत होती ती, आणि आत्ता दुकानदाराने पेटवून दाखवली ती. घरी आल्यावर दोन्ही पेटत नाहीत. जुन्या माळांचं दुखणं सगळ्यांना पाठ आहे: बल्ब एकामागे एक ओवलेले, त्यामुळे एकाने मान टाकली की अख्खी माळ काळोखात. मग घरातला कर्ता पुरुष स्टुलावर चढून एकेक बल्ब हलवत बसतो आणि खालून सगळे सल्ले देतात.

आता पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत गेलात तर माळ न मागता ‘पिक्सेल’ मागा, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा ठरवता येतो असे दिवे. समोरून लगेच प्रश्न येईल, “पाच व्होल्ट की बारा?” उत्तर आधी ठरवून जावं, नाहीतर दुकानदार आपल्याला ओळखतो. मंडपवाले या पिक्सेलबरोबर मेमरी कार्डाचा कंट्रोलर नेतात. कमानीवरचे मोर, फिरणारी चक्रं सगळं त्या कार्डात भरलेलं असतं. घरच्या गणपतीच्या मखराला तेवढा सरंजाम लागत नाही. ईएसपी32 नावाचा काडेपेटीएवढा बोर्ड पुरतो आणि पाचशेच्या आसपास मिळतो. त्यात डब्ल्यूएलईडी नावाचा प्रोग्राम भरायचा, तो तर फुकटच आहे. मग फोनवर रंगांची चकती उघडते आणि बोट फिरवाल तसं मखर बदलतं. ‘कंप्युटरची लाइटिंग’ म्हणतात त्यातला कंप्युटर एवढाच.

खरी गंमत माळेत आहे. प्रत्येक पिक्सेलच्या पोटात एक चिप असते. बोर्ड सगळ्यांची माहिती एकाच तारेतून, एकाच दमात सोडतो. पहिला पिक्सेल त्यातले आपल्या रंगाचे 24 बिट काढून घेतो आणि उरलेलं पुढे ढकलतो, दुसरा आपले घेतो, तिसरा आपले. पंगतीत पहिल्याने पानात वाढून घ्यावं आणि पातेलं शेजाऱ्याकडे सरकवावं, तसं. एकाचं वाढून व्हायला 30 मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे शंभर जणांची पंगत 3 मिलिसेकंदांत उठते, आणि आपल्याला वाटतं की सगळे एकदमच उजळले. या माळेला तोंड आणि शेपूट असतं. शेपटाकडून जोडली तर ढिम्म हलत नाही, म्हणून वायर हातात घेतल्या घेतल्या बाण बघायचा. आणि मधला एखादा दगावला की पुढचे सगळे उपाशी! थोडक्यात, जुनं दुखणं काही पुरतं गेलेलं नाही. फरक इतकाच की आता गुन्हेगार सापडतो: शेवटचा पेटलेला किंवा त्याच्या पुढचा, या दोघांपैकीच कुणीतरी.

हे सगळं फार नवं आहे असं तरुण मंडळींना वाटतं, तेव्हा मला जुने मंडप आठवतात. त्यांच्या मागे एक लाकडी रोलर मोटरवर फिरत असायचा. त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या. पट्टी टेकली की एक रांग पेटायची, सुटली की विझायची, आणि समोरच्यांना वाटायचं की दिवे पळताहेत. मंडपासमोर लोक गणपती बघायचे. आम्ही काही पोरं मागे जाऊन रोलरवरच्या निळ्या ठिणग्या बघायचो. ही युक्ती तर त्याहूनही जुनी. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने 1882 च्या नाताळात न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी विजेच्या दिव्यांचं पहिलं झाड उभं केलं. लाल, पांढरे, निळे असे 80 बल्ब, आणि झाड स्वतःभोवती फिरणारं. फिरता फिरता बल्बांचे गट आळीपाळीने पेटायचे आणि विझायचे, तेही झाडाला बांधलेल्या तांब्याच्या पट्ट्यांमुळेच. मंडपामागच्या रोलरचं सख्खं भावंड ते! प्रोग्राम तेव्हाही होता, फक्त तो हातोडीने लिहिलेला असायचा.

आमच्या घरी 2018 च्या बंदीनंतर थर्माकोल आला नाही. मखर पुठ्ठ्याचं असतं, आणि पिक्सेलला पुठ्ठा फार मानवतो. 12 मिलिमीटरचं भोक पाडायचं, मागून पिक्सेलचं बोंड दाबायचं. खटकन बसतं. ना गोंद, ना चिकटपट्टी. पुढून पाहणाऱ्याला नुसते ठिपके दिसतात आणि मागे वायरींचं असं जंगल असतं की ते कुणाला दाखवू नये.

मग पहिल्यांदा पेटवायचं. बहुतेकांच्या घरी पहिली फजिती रंगांची होते. जास्वंदीचा लाल मागावा तर दुर्वांचा हिरवा येतो. काही चिपा लाल आधी ऐकतात, काही हिरवा, एवढंच कारण. फोनवर क्रम बदलला की भांडण मिटतं. दुसरी गंमत पांढऱ्याची. शंभर पिक्सेल पूर्ण पांढरे केले की पाच व्होल्टवर सहा अँपियरपर्यंत करंट मागतात. म्हणजे 30 वॅट, साधारण दोन झिरोच्या बल्बांइतके. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते बारीक वायरीतून जायचं असतं. वाटेत व्होल्टेज पडतं, निळ्याला ते सगळ्यात आधी कमी पडतं, आणि माळेचं शेवटचं टोक तांबूस दिसायला लागतं. उपाय सोपा आहे, शेवटच्या टोकालाही पॉवर द्यायची. पाच व्होल्टचा झटका बसत नाही. पण त्या पॉवर सप्लायच्या दुसऱ्या बाजूला 230 व्होल्ट उघड्या स्क्रूंवर येऊन बसलेले असतात. तिथे हौस बाजूला ठेवून वायरमनला बोलवावं आणि वर झाकण घालावं. भाद्रपदातला पाऊस आणि घरातली लहान पोरं, दोघांचाही भरवसा नाही.

एवढं सगळं जुळून मखर पहिल्यांदा झगमगलं तेव्हा आई फुलं निवडत होती. डब्ल्यूएलईडीत शंभरावर इफेक्ट आहेत. मी इंद्रधनुष्य लावलं, धावते दिवे लावले, चांदण्यांचा पाऊस पाडला. आईने चष्मा कपाळावर चढवला.

“अरे, हा गणपती आहे की ऑर्केस्ट्रा बार?”

“आई, अजून सेटिंग चाललंय.”

“मग आधी ते बारीक कर जरा. मूर्तीचे डोळे दिसू देत की.”

कंदिलाच्या जमान्यातला शब्द, पण नेमका. बारीक करायला घेतल्यावर कळलं की खरं काम इथे आहे. 255 ही उजेडाची सगळ्यात वरची पातळी. तिचं अर्धं केलं म्हणून उजेड अर्धा वाटत नाही, डोळा आकड्यांना जुमानत नाही. 60 च्या खाली आल्यावर कुठे मखराच्या कडा मऊ झाल्या. मग पांढरा काढला. लाल 255, हिरवा 147, निळा 41, हे मेणबत्तीच्या उजेडाचं माप. तेही आईला ‘जरा दुकानासारखं’ वाटलं, म्हणून निळा आणखी खाली नेला. शेवटी मूर्तीमागच्या दोन ओळी पूर्ण बंद केल्या, तेव्हा कुठे पुढची समई दिसली. चमचमाट तर शंभर रुपयांची चिनी माळही करते. कुठला दिवा किती लावू नये हे ठरवायची सोय तिच्यात नसते, आणि माझ्या मते पैसे त्या सोयीचे आहेत.

राहता राहिली आरती. अमेरिकेत नाताळात लोक घराच्या दर्शनी बाजूचे दिवे गाण्यावर नाचवतात. एक्सलाइट्स नावाच्या प्रोग्राममध्ये गाणं टाकायचं आणि कुठल्या ठोक्याला कुठला दिवा, ते आधी मांडून ठेवायचं. मिनिटभराच्या गाण्यासाठी तासन् तास बसतात. आमच्याकडे ते चालणं अशक्य. गणपतीची आरती निवांत सुरू होते, शंकराच्या आरतीपर्यंत लय चढते, आणि काका एकदा वरच्या सुरात शिरले की परत कधी येतील ते गणपतीलाच माहीत. म्हणून बोर्डाला नखाएवढा मायक्रोफोन जोडला. आता काका जातील तिकडे दिवे जातात. त्यातही झांज सगळ्यांवर मात करते. ती खणखणली की अख्खी महिरप उसळते, आणि झांज हातात असलेला भाचा आरती संपू देत नाही.

मायक्रोफोनला भक्ती कळत नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी समजलं. आईने खोबऱ्याच्या चटणीसाठी मिक्सर लावला आणि बाहेर मखर थयथय नाचायला लागलं. किती आवाजाच्या खाली दुर्लक्ष करायचं, याचं एक सेटिंग असतं. मी ते वाढवायला फोन काढला, तर आई स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून म्हणाली, “थांब, राहू दे,” आणि चांगली बारीक झालेली चटणी तिने आणखी एकदा फिरवली.