न उघडलेली पाकिटं

निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली, तरी एक पिशवी डोळ्यांसमोरून हलत नाही. कापडी पिशवी, एक बंद तुटलेला, तिथे गाठ मारलेली. एक काका माझ्या टेबलासमोर बसले आणि त्यांनी ती उलटी केली. पंधरा-वीस पाकिटं बाहेर पडली. विजेची, बँकेची, विम्याची. त्यातली तीन आमच्या कार्यालयाची होती. एकही उघडलेलं नव्हतं. आमच्या तिन्ही पाकिटांवरचं अक्षर माझं होतं.

मी एकवीस वर्षं अनुदान कक्षात काढली. वृद्ध, अपंग, आजारपणामुळे काम सुटलेली माणसं, त्यांचे अर्ज, तपासण्या आणि फेरतपासण्या. पहिलं पत्र जायचं, की अमुक दिवशी हजर राहा. मग स्मरणपत्र. मग तिसरं, की खुलासा करा, अन्यथा अनुदान बंद करण्यात येईल. त्यालाही उत्तर आलं नाही की फाइलवर शेरा पडायचा: 'लाभार्थी अनुपस्थित. अनुदान बंद करावे.' हा शेरा मी किती वेळा लिहिला याची मोजदाद नाही. काकांच्या फाइलवरही तो मीच लिहिला होता.

ते आले तेव्हा पैसे थांबून सात महिने झाले होते. घरातलं टपाल काकू बघायच्या. काकू गेल्या आणि पाकिटं येत राहिली. "हातात घेतलं की छातीत धडधडायचं, मॅडम. वाटायचं, काहीतरी भरायला सांगितलं असेल. मग पिशवीत टाकायचो." एवढंच ते म्हणाले. माझ्या फाइलमध्ये मात्र त्यांच्याबद्दल 'सूचना देऊनही प्रतिसाद दिला नाही' असं नोंदलेलं होतं.

तेव्हापासून मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि जो ऐकेल त्याला मी ती सांगते. माणूस गप्प झाला याचा अर्थ त्याला पैसे नको आहेत, किंवा तो लबाडी करतोय, असा लावणं हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत घातक नियम आहे. धडधाकट माणूस पैसे थांबले की दुसऱ्या दिवशी येऊन भांडतो. जो भांडायलाही येत नाही, त्याच्याकडे आधी धावायला हवं.

ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅम शहरातलं एक प्रकरण मी नंतर वाचलं आणि बराच वेळ हातातलं काम सुचलं नाही. ५७ वर्षांचा माणूस, मानसिक आजार कित्येक वर्षांचा. २०१७ मध्ये तो तपासणीला गेला नाही. अनुदान देणाऱ्या सरकारी खात्याची माणसं त्याच्या घरी जाऊनही आली, दोनदा. दार उघडलं गेलं नाही. पैसे बंद झाले. जून २०१८ मध्ये घर रिकामं करून घ्यायला आलेल्या लोकांना तो मेलेला सापडला. वजन २९ किलोही नव्हतं. त्याच्या हातचं एक पत्र मागे राहिलं होतं, कधीच न पाठवलेलं. टपाल आलं की काय असेल या विचाराने भीती वाटते, असं त्याने त्यात लिहिलं होतं. माझ्या काकांचंच वाक्य.

दोनदा घरी गेले होते, हे विसरता येत नाही. आमच्याकडे कुणी कधी जातच नसे, म्हणून मला वाटायचं की गृहभेट सक्तीची केली की प्रश्न सुटला. तसं नाही. दार वाजवणं वेगळं आणि माणूस दिसणं वेगळं. दार उघडलं नाही तर डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्यांना विचारा, नातेवाइकांना फोन लावा. तो माणूस जिवंत आहे, त्याला आपलं म्हणणं कळलं आहे, हे कुणीतरी स्वतः पाहिल्याशिवाय पैसे थांबता कामा नयेत. ब्रिटनच्या संसदेच्या समितीने मे २०२५ मध्ये शिफारस केली, की अशा दुर्बल माणसांच्या संरक्षणाची जबाबदारी खात्यावर कायद्यानेच टाका. तोवर ती कायद्याने खात्यावर नव्हती, हे वाचून मला धक्का बसला नाही. आमच्याही खुर्च्यांवर कधी नव्हती. आमच्यावर जबाबदारी होती ती प्रलंबित फाइली निकाली काढण्याची. आणि बंद केलेली फाइल हीसुद्धा निकाली निघालेलीच फाइल असते.

जी माणसं आमच्यासमोर येऊन बसायची, तीही आम्हाला नीट दिसत नव्हती. अर्जात प्रश्न असतात. स्वतः अंघोळ करता का? कपडे घालता का? जिना चढता का? आयुष्यभर कष्ट केलेला माणूस 'नाही' म्हणायला लाजतो. एक दादा होते, अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. मी विचारलं, "शर्ट स्वतः घालता?" म्हणाले, "घालतो की." मी 'होय'वर खूण केली. मान वर केली तर त्यांच्या शर्टाची बटणं एक घर सोडून लागलेली. वरचं काज रिकामं, खालचं बटण लोंबतंय. मी पेन खाली ठेवलं. "आज किती वेळ लागला घालायला?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाऊण तास. शेवटी तसाच आलो." मी खूण खोडली. ती खोडली नसती तर कागदावर हा माणूस सुदृढ ठरला असता, तेही त्याच्याच तोंडच्या उत्तरावरून.

म्हणून नव्याने लागलेल्या पोरापोरींना मी सांगायचे, "होय-नाही विचारू नका. काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत, ते विचारा." वेळ लागतो. पण खरं तेवढ्यानेच बाहेर येतं.

आणखी एक सांगते. सोबत आलेलं माणूस नेहमी आधारच असतं असं नाही. एक आजी यायच्या, पुतण्या बरोबर. प्रश्न आजींना, उत्तर पुतण्याचं. पासबुक त्याच्या खिशात. मी त्याच्या हातात कागद दिला आणि म्हटलं, "जरा याची झेरॉक्स आणता का?" तो बाहेर गेला तशी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "आजी, पैसे तुमच्या हातात किती येतात?" त्यांनी दाराकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. तो परत येईस्तोवर चार-पाच मिनिटं मिळाली, तेवढी पुरली. सगळं ऑनलाइन करा म्हणणाऱ्यांना मी हेच विचारते, की ही चार-पाच मिनिटं संगणकावर कुठून आणणार?

संगणकाला माझा विरोध नाही. पण ऑस्ट्रेलियात २०१५ ते २०१९ या काळात लाभार्थ्यांच्या वर्षाच्या उत्पन्नाची सरासरी काढून ती प्रत्येक पंधरवड्यावर लावली गेली आणि त्यावरून लोकांना वसुलीच्या नोटिसा गेल्या. कधी काम मिळतं, कधी मिळत नाही, अशा माणसाला सरासरी कशी लागू होईल? हिशेब चुकलाय हे सिद्ध करण्याचं ओझंही त्याच्यावरच. २०२० मध्ये सरकारने ७२.१ कोटी डॉलर परत करण्याचं जाहीर केलं. २०२३ मध्ये चौकशी आयोगाने ती योजना न्याय्यही नव्हती आणि कायदेशीरही नव्हती, असं स्पष्ट म्हटलं. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपनाच्या भत्त्यापायी हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा शिक्का बसला, छोट्या चुकीसाठी सगळी रक्कम परत मागितली गेली, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यावरून तिथल्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मंत्रिमंडळं जातात, नवी येतात. त्या घरांमधली कर्जं आणि मोडलेले संसार कुणी भरून दिले?

फसवणूक होते, मी नाकारत नाही. खोटे दाखले मी स्वतः पकडलेत. पण खोटे कागद आणणाऱ्याचे कागद नेहमी पूर्ण असायचे. अपुरे असायचे ते खऱ्या गरजवंताचे. पैसे आधी थांबवायचे आणि चौकशी मागाहून करायची, या क्रमाने हकनाक तोच भरडला जातो. मी खुर्चीवर असताना हा क्रम बदला असं दोनदा लेखी कळवलं होतं. पोच मिळाली, उत्तर नाही.

काकांचं अनुदान पुन्हा सुरू झालं, मागची थकबाकीही मिळाली. त्याला अडीच महिने लागले. मधल्या काळात काकूंचं शिवणयंत्र विकलं गेलं होतं.

त्या दिवशी मी त्यांच्यासमोर आमची तिन्ही पाकिटं एकेक करून फोडली आणि मोठ्याने वाचून दाखवली. तिसरं वाचताना 'अन्यथा' या शब्दाशी माझा आवाज अडखळला. त्यांनी अक्षराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "तुम्हीच लिहिलंय का हे?" मी हो म्हटलं. ते काही बोलले नाहीत.

मग नवा अर्ज भरायला घेतला. पत्राला उत्तर आलं नाही तर कुणाला कळवायचं, यासाठी त्यात रकानाच नव्हता. मी समासात हाताने ओळ आखली आणि विचारलं, "काका, तुमचा पत्ता लागला नाही तर आम्ही कुणाला विचारू?"

ते बराच वेळ विचार करत होते. "खालच्या मजल्यावरची मुलगी," म्हणाले. "नाव माहीत नाही मला. पण येता-जाता रोज विचारते, काका, बरे आहात ना."

मी तेच लिहिलं. तळमजला, मुलगी, रोज विचारते.