शेवटची लाँच गेल्यानंतर

माझे माहेर घारापुरीचे आहे असे सांगितले की समोरची व्यक्ती आधी लेण्यांचे कौतुक करते आणि मग थोड्या संकोचाने एकच प्रश्न विचारते : ‘शेवटची लाँच गेल्यावर तुम्ही लोक त्या बेटावर करत तरी काय होतात?’ या प्रश्नाचा मला राग येत नाही. पर्यटकाला बेटावर मुक्काम करता येत नाही, त्यामुळे ज्यांनी घारापुरी पाहिली त्यांनी ती दिवसाउजेडीच पाहिली. डोंगराच्या पायथ्याशी शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावे आहेत, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. माझे गाव मोराबंदर, म्हणजे न्हावा-शेव्याच्या बाजूचे.

शेवटची लाँच सुटली की सर्वांत आधी आईच्या डोक्यावरचे हंडे उतरत. दिवसभर ती लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्यांपाशी नऊवारी लुगडे नेसून, डोक्यावर एकावर एक चकचकीत हंडे ठेवून उभी राही आणि पाहुणे चार पैसे देऊन तिचा फोटो काढत. ते हंडे रिकामे असत. दिवसभर भरलेले हंडे डोक्यावर घेऊन हसतमुखाने कोण उभे राहील? गेटवेच्या दिशेने लाँच दिसेनाशी झाली की ती घरी येऊन लुगडे बदली, कळश्या उचली आणि विहिरीवर जाई. त्या वेळचा तिचा एकही फोटो कोणाकडे नाही. वडील डोली वाहत असत. खुर्चीला बांबू बांधून चौघांनी खांद्यावर घ्यायची आणि ज्यांना १२० पायऱ्या चढवत नाहीत त्यांना लेण्यांपर्यंत न्यायचे, हे ते काम. धक्क्यावर उतरणाऱ्या माणसाकडे नुसते पाहून ते त्याचे वजन सांगत, आणि तो अंदाज क्वचितच चुके. सोमवारी लेणी बंद असत, म्हणून आमचा रविवार सोमवारी येई.

दिवस मावळल्यावर कंदिलाची काच राखेने पुसायचे काम माझ्याकडे असे. काच लहान मुलीच्या हातानेच नीट पुसली जाते, असे आजीचे म्हणणे होते, कारण मोठ्यांचा हात आत जात नाही. एका कंदिलावर स्वयंपाक, जेवण आणि अभ्यास असे सगळे उरकावे लागे. भरती-ओहोटीची वेळ पाहून चुलते पगोळ्या, म्हणजे खेकड्यांची जाळी, घेऊन चिंबोऱ्यांना (खेकड्यांना) जात आणि आम्ही मुले जागी राहून त्यांची वाट पाहत असू. आवसेची चिंबोरी भरलेली असते, त्यामुळे अंधाऱ्या रात्रींविषयी आमच्या घरात कोणाची फारशी तक्रार नव्हती. महाशिवरात्रीला मात्र आसपासच्या गावांतून होड्या भरभरून येत आणि बेटाला माणसांचा आवाज फुटे.

माझ्या लहानपणी खाडीपलीकडचा किनाराही आमच्यासारखाच काळोखा होता. आत्या शेव्याला दिली होती, आणि तिच्या घरचा दिवा कोणता यावर आम्ही भावंडे भांडत असू. पुढे बंदरासाठी शेवे कोळीवाडा उठला आणि आत्याचे घर उरणजवळच्या नव्या वसाहतीत गेले. १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, आणि जिथे आम्ही एक दिवा शोधत होतो तिथे रात्रभर न विझणाऱ्या दिव्यांची रांग उभी राहिली. पश्चिमेला मुंबई होतीच, उत्तरेला तुर्भे होते, जवाहर द्वीपावर तेलाच्या जहाजांचे दिवे होते. चारही बाजूंनी उजेड आणि मध्ये आम्ही. आजी ओट्यावर बसून म्हणे, ‘तिकरं रोज दिवाली, इकरं रोज आवस.’

खरे तर होड्यांनी आमच्याकडून फक्त पाहुणेच परत नेले असे नाही. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले तो राजबंदरला होता. त्याचे तुकडे १८६४ मध्ये मुंबईला गेले आणि १९१४ मध्ये ते जोडून भायखळ्याच्या बागेत हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. शाळेच्या सहलीत तो पाहताना आमच्यातला एक मुलगा ‘हा आमचा हत्ती आहे’ असे मोठ्याने म्हणाला आणि बाई हसल्या. लेण्यांतला शिलालेख तर पोर्तुगिजांनी वाचून घेण्यासाठी पोर्तुगालला पाठवला आणि तो तिथेच हरवला. म्हणून लेणी कोणी कोरवली याचा लेखी पुरावा आज नाही. बेटावर सापडलेल्या कलचुरी राजा कृष्णराजाच्या नाण्यांवरून अभ्यासक सहाव्या शतकाचा अंदाज बांधतात. १९८७ मध्ये लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली तेव्हा मी पुढच्या शिक्षणासाठी बेटाबाहेरच होते.

मधल्या काळात जनरेटर आला. संध्याकाळी सातच्या सुमारास तो धडधडू लागे आणि साडेदहाच्या आसपास थांबे. त्या साडेतीन तासांत मालिका, बातम्या, इस्त्री आणि भांडणे हे सगळे बसवावे लागे. फ्रीज घेण्यात अर्थ नव्हता, म्हणून मासळीसाठी बर्फ बाहेरूनच येई आणि निम्मा वाटेतच वितळे. २२ फेब्रुवारी २०१८ रोजी समुद्राखालून टाकलेल्या साडेसात किलोमीटर लांबीच्या केबलने वीज आली आणि तिन्ही गावांत ट्रान्सफॉर्मर बसले. स्वातंत्र्य मिळून तोपर्यंत सत्तर वर्षे उलटली होती. आता तर उत्तरेला अटल सेतूचीही दिव्यांची रांग दिसते, पण तिचे कोणाला अप्रूप वाटत नाही.

वीज आल्यानंतरच्या आठवड्यात मी माहेरी गेले होते. जेवणे झाली, साडेदहा वाजले तशी आईने सवयीने उशाशी काडेपेटी ठेवली आणि ती अंथरुणावर पडली. बऱ्याच वेळाने तिने विचारले, ‘अजून कसा गेला नाय?’ दिवा आपण बटण दाबून बंद करायचा असतो, हे मी तिला उठून दाखवले.