आधी ओळख, मग आवड: कॉलेजात इंग्रजी शिकवताना

कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाबद्दल ‘यांना इंग्रजीची आवडच नाही’ असं म्हणणं मी सोडून दिलंय. शब्द अनोळखी आणि विषयही अनोळखी असला, तर आवड बसणार तरी कशावर?

पहिल्या तासाला व्याकरणाची चाचणी घेत नाही, कारण ती फसवते. पास्ट परफेक्टची व्याख्या तोंडपाठ असते, पण काल काय झालं ते पाच वाक्यांत सांगता येत नाही. शिवाय ‘हे तर शाळेतच झालंय’ म्हणून मुलं तिथेच कान मिटतात. त्याऐवजी कोरा कागद देतो. ज्या विषयातलं आपल्याला खरंच कळतं, त्यातले इंग्रजी शब्द दहा मिनिटांत लिहायचे. मराठी बोलताना वापरतो तेही चालतात. गप्प बसणारी मुलंसुद्धा पान भरतात.

त्या कागदांवरून उतारे निवडतो. कुठल्याही शंभर शब्दांत अडलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगायची. दोनपर्यंत रेघा असतील तर उतारा घरी वाचायला, पाचपर्यंत असतील तर वर्गात सोबत. त्याहून जास्त असतील तर तो बाजूला. एकही रेघ नसेल तरी तो नको, मुलं कंटाळतात.

उताऱ्याचा विषय वाचनाआधीच सांगावा. ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांच्या १९७२ च्या प्रयोगात कपडे धुण्याचा एक मुद्दाम मोघम लिहिलेला उतारा होता. विषय आधी कळलेल्यांना तो समजला आणि लक्षातही राहिला; नंतर सांगून काही उपयोग झाला नाही.

शब्दही असाच ओळखीकडून उलगडतो. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मुलाला ‘चार्ज’ पक्का ठाऊक असतो. फळ्यावर ‘विद्युतभार’ आणि ‘कार्यभार’ लिहिले की दोन्हींतला ‘भार’ त्यालाच दिसतो, आणि ‘टेक चार्ज’ म्हणजे भार उचलणं हे तोच सांगतो. हा क्षण घाईत घालवू नये. आवड इथेच धरते.

कधी जुनी ओळखच आडवी येते. आपल्याकडे ‘डाउट’ म्हणजे विचारायचा प्रश्न. बाहेरच्या वाचकाला त्यात अविश्वास दिसतो. तिथे ‘चुकलं’ म्हणून लाल रेघ मारली, तर मुलगा ठाऊक असलेले शब्दही वापरायला कचरतो. मी दोन्ही अर्थ शेजारी लिहितो आणि प्रत्येकाचं एकेक वाक्य त्याच्याकडूनच करून घेतो.