दोन टक्के स्लोप म्हणजे किती?

यवतमाळकडच्या गावांत पाणलोटाची कामं निघाली की मला हमखास एकच विचारतात: "साहेबांनी वावराचा स्लोप दोन टक्के सांगितला. म्हणजे किती अंश? लई झाला का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहूनच टाकतो.

टक्के वेगळे, अंश वेगळे. 100 मीटर आडवं अंतर गेल्यावर जमीन 2 मीटर खाली आली, तर उतार 2 टक्के. अंशात तो जेमतेम 1.15 भरतो. 100 टक्के उतार म्हणजे सरळ उभी भिंत असं पुष्कळांना वाटतं, पण तो होतो 45 अंश. रेल्वेची रीत तिसरीच. रुळाकडेच्या पाटीवर 150 असेल, तर 150 मीटरमागे 1 मीटर चढ-उतार. त्या हिशेबाने आपलं वावर 50 ला 1, म्हणजे रुळापेक्षा तिप्पट उताराचं.

तरी डोळ्याला ते सपाटच दिसतं. घात होतो तो इथेच. तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, उताराच्या दिशेने काढलेले असले, की जुलैच्या एका जोरदार पावसात पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) दोन ओळींमधून नाल्या वाहतात आणि वरची चांगली माती खालच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, जाऊन बसते. वावराची लांबी उताराकडे असली, तर लांबीकडून तास काढले की ट्रॅक्टर कमी वेळा वळवावा लागतो, हे खरं. पण तेवढ्यासाठी माती घालवू नका. उताराला आडवंच पेरा.

उतार घरच्या घरी मोजता येतो. सारख्या खुणा केलेल्या दोन काठ्या घ्या, त्यांना पारदर्शक नळी बांधा, नळीत पाणी भरा. काठ्या एकमेकींपासून 10 मीटरवर, उताराच्या दिशेने उभ्या धरा. खालच्या काठीवर पाणी जास्त वर दिसेल. दोन्ही खुणांत 20 सेंटिमीटरचा फरक आला, तर 2 टक्के. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं, म्हणून आधी दोन्ही काठ्या शेजारी धरून पाणी सारखं येतं का ते बघा.

भारी काळ्या जमिनीत बांध मात्र अगदी समतल नको. ती भिजली की पाणी जिरवत नाही, मग बांधामागे तुंबून तो फुटतो. तिथे 100 मीटरला 20-30 सेंटिमीटर ढाळ द्या आणि शेवटी पाणी गवत असलेल्या नालीत सोडा.